खिडकी क्रमांक चार

नोव्हेंबर लागला की ते यायचे.
सिव्हिल लाइन्सच्या जुन्या कचेरीत
माझी खिडकी चौथी. वर पाटी :
वृद्ध कलावंत, मानधन विभाग.
वर्षातून एकदा त्यांनी मला पटवून द्यायचं
की आपण मेलेलो नाही.
मी फोटो बघायचो, चेहरा बघायचो,
अंगठा घ्यायचो, शिक्का मारायचो : हयात.

बळीराम टेंभुर्णे, पाचपावली.
कलाप्रकार : खडी गंमत. भूमिका : स्त्री.
वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात दात नाही,
पण रांगेत उभा राहिला की
उजवा हात आपसूक कमरेवर जायचा.
नव्या साहेबांनी पुरावा मागितला.
कात्रण नाही, फोटो नाही, प्रमाणपत्र तर नाहीच.
त्यानं चपला काढून बाजूला ठेवल्या
आणि फायलींच्या कपाटापुढून
पाच पावलं चालून दाखवली.
शिपायाच्या तोंडून शिट्टी निघून गेली.
साहेबांनी सही केली, मान वर न करता.

मोहननगरचा व्हिक्टर साळवे, अकॉर्डियन.
पेटी बायकोच्या ऑपरेशनात विकली गेलेली,
तरी नंबर येईस्तोवर
माझ्या फळीवर बोटं चालूच.
एका वर्षी आला नाही. पाठवलेलं पत्र परत आलं :
सदर इसम पत्त्यावर आढळला नाही.
दुसरा शिक्का डाव्या खणात असायचा. मयत.
त्याला शाई कमी लागायची.

लहानू हेडाऊची मात्र फाइलच नव्हती.
मिलच्या टीमचा गोली, सतरा वर्षं.
मी म्हटलं, काका, ही खिडकी कलावंतांची,
खेळाडूंचं क्रीडा कार्यालयात विचारा.
"तिथूनच त इकडे धाडलं मले."
त्यानं दोन्ही पंजे फळीवर ठेवले.
दहातली चार बोटं सरळ नव्हती.
करंगळी कामठीच्या मॅचची,
मधलं जबलपूरचं,
अंगठा आपल्याच बॅकनं मोडलेला,
त्याचं नाव त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.
"भोंगा झाला का आख्खी शिफ्ट मैदानावर.
गवत कुठं होतं राजा, गिट्टी होती.
गिट्टीवर अंग झोकून द्याचं
अन् उठताना हासाचं, पब्लिककडं पाहून.
आता तूच सांग,
हे कला नाही त काय होय?"

नियमात बसत नव्हतं.
तरी तो दर नोव्हेंबरात रांगेत.
"पैसे राहू दे बावा. शिक्का तेवढा मार."
मी रद्दी कागदाच्या पाठीवर मारून द्यायचो.
तो शाई वाळेपर्यंत फुंकर घालायचा,
चार घड्या करायचा,
आणि बळीरामला हात देऊन
पायऱ्या उतरवून न्यायचा.

गेला तो मे महिन्यात, गोळीबार चौकातल्या घरी,
कूलरचं पाणी संपलेलं.
मला कळलं नोव्हेंबरात.
नात आली होती, कॉलेजची बॅग पाठीला.
तिनं अकरा कागद फळीवर मांडले.
"आजोबा म्हणाले होते, हे जमा करायचे.
याचे किती मिळतील?"

पहिल्यांदा मी कागद उलटून पाहिले.
एकावर खुर्च्या दुरुस्तीची निविदा,
एकावर कुणाची तरी नामंजूर रजा.
मी दोनदा मोजले. उगाच.
मग पोचपावती लिहून दिली :
अकरा कागद मिळाले. खाली सही. गोल शिक्का.
ती बराच वेळ वाचत राहिली
त्या एका ओळीला.

आता मीही निवृत्त.
बँकेत हयातीचं यंत्र आलंय,
शाई नको, चेहरा नको.
माझा अंगठा त्याला ओळखू येत नाही,
घासलाय म्हणे, कागद उलटून उलटून.
काल तिसऱ्यांदा नाकारल्यावर
मी न कळत दोन्ही पंजे
काउंटरवर पसरून ठेवले.

"एकच बोट, काका,"
मुलगी म्हणाली. "एकच ठेवा."